वजा बारा

० सेंमी

मित्रांनो, मी जुनी झाले आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. मी एक टेप आहे. शिंप्याची नव्हे, सुताराचीही नव्हे. गुरांचं वजन सांगणारी. माझ्या एका बाजूला सेंटिमीटर छापलेत आणि उलट्या बाजूला किलो. जनावराच्या पुढच्या पायांच्या लगेच मागून मला छातीभोवती गुंडाळायचं. माझं शून्याचं टोक जिथे येऊन टेकेल, तिथला आकडा वाचायचा. एका बाजूला घेर, पालथं केलं की वजन. इतकं सोपं काम. इतक्या सोप्या कामाचा माणसांनी किती घोळ घालावा, ते सांगण्यासाठी मी आज उलगडले आहे.

मध्येमध्ये दिसतील ते आकडे माझ्या अंगावरचे. त्यांच्याच क्रमाने सांगते. एका ठिकाणी क्रम तुटेल. तो माझा दोष नाही.

२१ सेंमी

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथे मला सांगण्यात आलं की तू उंच, काळ्या-पांढऱ्या गाईंसाठी आहेस. मी तशी मनाची तयारी केली. माझ्या टोकाला बारीक अक्षरांत सूचनाही छापली होती: वापरण्यापूर्वी टेप अखंड आहे ना, ते पाहा. ही सूचना आजवर एकाही माणसाने वाचलेली नाही. मी मोजलंय. मोजणं हेच माझं काम.

आणि मला नेलं कुठे, तर सौदी अरेबियात, अल-अहसाच्या खजुरांच्या झाडांत. तिथल्या गाई पाहून मला वाटलं, ही वासरं असतील, आया मागून येतील. आया आल्याच नाहीत. ती हसावी गुरं होती, त्या भागातली मूळची. बुटकी, तांबूस, पाठीवर छोटं वशिंड, शिंगं आखूड. अबू सालेह हे त्यांचे मालक. होफूफला त्यांचं चाऱ्याचं दुकान होतं आणि खजुरांच्या मागे हा छोटा गोठा. मांसासाठी गुरं पाळायची तर बुटकीच पाळावीत, असं त्यांचं ठाम मत. कमी खातात, ऊन सोसतात, मांस चवीला सरस. पाहुण्यांना ते हे सगळं सांगत आणि शेवटी मला दाखवत. "माझ्याकडे अंदाजाने काम नाही," म्हणत. "ही पाहा, परदेशी टेप." पाहुणे मला हातात घेत आणि माना डोलवत. वाचत कुणीच नसे.

५८ सेंमी

मला खरं वापरलं ते हाशमने.

हाशम रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या गावचा. घराणं मासे मारणारं. त्याने आयुष्यात गाय अशी पाळली नव्हती. पण तीन महिन्यांत तो इतका तयार झाला की जनावर चारी पायांवर सरळ उभं राहीपर्यंत मला हात लावत नसे. श्वास बाहेर सोडला की मगच घट्ट करायचा. आकडा दोनदा वाचायचा. मग वहीत लिहायचा. गुरांना त्याने माशांची नावं दिली होती: सुरमई, तारली, बांगडा, हलवा. अबू सालेहना त्या नावांचा अर्थ ठाऊक नव्हता, पण तेही बिनदिक्कत तीच नावं घेत. कोकणातला मासा वाळवंटाच्या कडेला चाऱ्याची हिरवी बरसीम खाताना पाहायचा असेल, तर आमच्या गोठ्याइतकी चांगली जागा नव्हती.

ती माझी सुखाची वर्षं. दर महिन्याला मोजणी, मोजणीनंतर ओल्या फडक्याने पुसणं, मग गुंडाळून खिळ्याला. मला वाटलं, आयुष्य असंच जाणार.

१०४ सेंमी

मग मांदेली जन्माला आली. सुरमईची वासरी. जे दिसेल ते तोंडात घालायचं, हा तिचा स्वभाव. एके दिवशी मोजणी चालू असताना गेटाशी पाण्याचा टँकर आला. हाशमने मला कठड्यावर टाकलं आणि तो धावत गेला. परत येईपर्यंत मांदेलीने मला मधोमध तोंडात धरलं होतं, आणि

१२० सेंमी

पाहिलंत? एकशे अकरापर्यंतचं मला स्वच्छ आठवतं. त्यापुढचं एकदम इथूनच आठवतं. मधले आकडे मांदेलीच्या पोटात गेले. माझे दोन तुकडे झाले.

आता सांगा, शहाण्या माणसाने काय करावं? मालकाकडे जावं. म्हणावं, टेप तुटली, नवी आणा. हाशमनेही तेच ठरवलं होतं. पण नेमक्या त्याच आठवड्यात अबू सालेहनी त्यांच्या ड्रायव्हरला पाण्याच्या पंपाच्या कारणावरून मायदेशी परत पाठवलं होतं. पंप जळाल्याचं कळलं आणि ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी विमानात. हाशम घाबरला. म्हणाला, गुरुवारी, हिशेबाच्या दिवशी, सांगू. तोवर काम अडायला नको म्हणून त्याने पत्र्याच्या पेटीतून जाळं विणायची सुई आणि बारीक नायलॉनचा दोरा काढला, आणि माझे दोन तुकडे एकावर एक ठेवून शिवले.

त्याच्या गावात हे रोजचं. जाळं फाटलं म्हणून कुणी फेकत नाही. सांधतात. सांधलेलं जाळं पूर्वीइतकेच मासे धरतं, आणि सांधा जितका दिसेनासा तितका सांधणारा हुशार. हाशम फार हुशार होता. बोट फिरवल्याशिवाय कळणारही नाही असं त्याने मला सांधलं.

पण मित्रांनो, मी जाळं नाही. मी माप आहे. जाळ्याचा तुकडा गेला तरी चालतो. माझा तुकडा गेला की त्यापुढचा प्रत्येक आकडा खोटा. नऊ सेंटिमीटर वासरीने खाल्ले, तीन शिवणीत गेले. एकूण बारा. म्हणजे एकशे चाळीस घेराची गाय माझ्यावर एकशे बावन्न दाखवणार. उलट्या बाजूला तेच साठ-बासष्ट किलो जास्त.

हे हाशमला कळत नव्हतं, असं नाही. तो प्रत्येक वेळी मनात बारा वजा करी आणि खरा आकडा वहीत लिही. वासरांचा घेर सांध्यापर्यंत पोचतच नसे, त्यांना वजाबाकी लागत नसे. सहा वर्षं. वहीत एकही चूक नाही. आणि तो गुरुवार काही आला नाही.

मी सहा वर्षं खिळ्यावरून हाच विचार करत होते, की हा माणूस हे कधी बोलणार.

१३३ सेंमी

मग निताकतचं वर्ष आलं. प्रत्येक धंद्यात इतके सौदी हवेत, असा नियम. ज्यांच्याकडे पुरेसे नाहीत ते लाल रंगात. अबू सालेहचं दुकान आणि गोठा मिळून कामगार सात, त्यात सौदी एकही नाही. लाल रंगात गेलं की परदेशी माणसाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुढे वाढत नाही. हाशमचा दोन महिन्यांत संपणार होता. गावातल्या बऱ्याच जणांनी भाच्या-पुतण्यांना फक्त कागदावर कामाला लावलं. अबू सालेहना ते पटलं नाही. त्यांनी पुतण्या खराच आणला, हाशमच्या जागी. त्याचं नाव फहाद.

फहाद एकोणतीस वर्षांचा, आधी मोबाइलच्या दुकानात होता. वाईट मुळीच नव्हता. पांढरा पायघोळ थोब गुडघ्यापर्यंत खोचून शेणात उभा राहायला त्याला लाज वाटली नाही, एवढं मी त्याच्या बाजूने सांगते. पण त्याला सगळं पटकन हवं असे. हाशमला तो रफीक म्हणे, म्हणजे दोस्त. सगळ्याच परदेशी कामगारांना तो हेच म्हणे.

हाशमपुढे आता एकच गोष्ट होती. जुबैल शहराच्या रस्त्यावर एका माणसाचा हिरव्या रंगातला, म्हणजे नियमात बसणारा, गोठा होता. तो हाशमला घ्यायला तयार होता. हाशमचा मेहुणा शारीक जुबैललाच शिफ्टमध्ये काम करी, त्याने खोलीही पाहून ठेवली होती. फक्त कफील, म्हणजे परवान्याचा जामीनदार मालक, बदलायच्या कागदावर अबू सालेहची सही हवी होती. सही झाली तर जुबैल. नाही झाली तर इकामा संपेल आणि घर. "फहादला सगळं शिकव," अबू सालेह म्हणाले, "मग सही."

हाशमने शिकवलं. चारा किती, पाणी कधी, कोणती गाय लाथ मारते, कोणती नुसतं नाटक करते. पायांचे खूर कसे पाहायचे. मला कसं धरायचं, श्वास कधी ओळखायचा. सगळं शिकवलं.

बारा सोडून.

का, म्हणून मला विचारू नका. मी तिथेच होते, फहादच्या हातात, सांधा त्याच्या अंगठ्याखाली. हाशमने तोंड उघडलं. फहाद म्हणाला, "कळलं रे, रफीक. आकडा दिसतोय की." हाशमने तोंड मिटलं.

१५२ सेंमी

पहिली मोजणी फहादने एकट्याने केली. अबू सालेह कॉफीचा छोटा पेला हातात घेऊन पाहत होते.

"बांगडा?"

"तीनशे."

"गेल्या महिन्यात किती होता?"

फहादने वही चाळली. "हाशमने दोनशे अडतीस लिहिलंय."

"तारली?"

"दोनशे ऐंशी. आधी दोनशे वीस."

अबू सालेह खूश झाले. पाठोपाठ त्यांचा चेहरा बदलला. खुशीचा हिशेब पुढे नेला की काय निघतं, ते त्यांना दिसायला लागलं होतं.

"हाशम, सहा वर्षं तू ह्यांना बरसीम खायला घालत होतास, की नुसती दाखवत होतास?"

"घालत होतो, अबू सालेह."

"मग ती कुणाच्या पोटात गेली? शेजाऱ्याच्या उंटांच्या?"

हाशमने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं, म्हणजे टेपने जितकं पाहता येतं तितकं. बोल, म्हटलं. तो म्हणाला, "मी प्रामाणिकपणे काम केलंय."

सगळेच असं म्हणतात. ह्याने काय सिद्ध होणार?

"सहीचं बुकरा बघू," अबू सालेह म्हणाले. बुकरा म्हणजे उद्या. रोजच्या बुकराला पुढचा बुकरा निघत गेला. इकामा संपायला तीन आठवडे उरले. फहाद मात्र फुलला होता. नातेवाइकांत सांगत होता, मी हात लावला आणि गुरं भरली. होफूफच्या एका खानावळवाल्याला त्याने तीनशे किलोचे दोन बैल कबूलही केले.

१५९ सेंमी

हाशमच्या बायकोचा, रईसाचा फोन आला तेव्हा मी त्याच्या खिशात होते.

"सही झाली?"

"होईल."

"तुमचं होईल मला माहीत आहे. शारीकने खोली अडवून ठेवलीय. त्याला किती दिवस थांबवायचं? टेपचं सांगून टाका त्यांना."

"काय सांगू? सहा वर्षं तुटकी वापरली म्हणून?"

"तुटकी वापरल्याची लाज वाटते, आणि बरसीमचा चोर म्हणवून घ्यायची वाटत नाही?"

हाशमने मला खिशातच बोटांनी चाचपलं.

"ऐकता का?"

"ऐकतोय."

"नुसतं ऐकू नका," म्हणून तिने फोन ठेवला. ह्या सगळ्या प्रकरणात डोकं ठिकाणावर असलेली ती पहिली व्यक्ती, आणि ती अडीच हजार किलोमीटर लांब.

१६६ सेंमी

दुसरी व्यक्ती म्हणजे डॉक्टर चारुदत्त. मूळचे कऱ्हाडचे, गुरांचे डॉक्टर, होफूफच्या दवाखान्यात नोकरीला. वर्षातून दोनदा जंताचं औषध द्यायला येत. औषध वजनावर द्यायचं असतं. फहादने यादी वाचली: सुरमई, तीनशे दहा.

डॉक्टरांनी सुरमईकडे पाहिलं. मग हाशमला मराठीत म्हणाले, "हाशमभाई, हिच्या आत अजून एक गाय कोंबलीय का तुम्ही?"

"फहादने मोजलंय, डॉक्टरसाहेब."

"मी गाईकडे बघतोय, फहादकडे नाही. आणि ही यादी बघा. वासरं जिथल्या तिथे, आणि मोठी तेवढी सगळी फुगलीत. हा कसला चारा म्हणायचा, जो वासरांच्या अंगी लागत नाही?"

हाशम पायाने माती उकरत राहिला.

"टेप आणा इकडे."

सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला शून्यापासून वाचलं. एकशे अकराला बोट थांबलं. डॉक्टरांनी मला डोळ्यांजवळ नेलं.

"जाळं सांधतात तसं सांधलंय हे."

"हो, साहेब."

"सुरेख सांधलंय. आणि ह्याच्यावर मी सहा वर्षं औषधं देतोय?"

"नाही, साहेब. मी बारा वजा करून लिहीत होतो. वहीतला एक आकडा खोटा नाही."

"मग ही वजाबाकी पुढच्या माणसाला सांगायला काय धाड भरली होती?"

फहादला मराठी कळत नव्हतं, पण काहीतरी शिजतंय हे कळत होतं. "डॉक्टर काय म्हणतोय, रफीक?"

"सांगताय तुम्ही," डॉक्टर म्हणाले, "का मी सांगू?"

हाशमने सांगितलं. त्याच्या अरबीत गुरांचे शब्द पुष्कळ होते, कबुलीचे कमी. वेळ लागला. फहाद कुंपणावर बसून राहिला.

"मी सगळ्यांना सांगितलंय," तो शेवटी म्हणाला. "माझ्या सासऱ्यांनासुद्धा." मग हळूच, "अबू सालेहना कशाला सांगायचं? पुढच्या महिन्यापासून मीही बारा वजा करीन. उन्हाने वजन उतरलं म्हणू. तू तर जाणारच आहेस."

मित्रांनो, एक माणूस सहा वर्षं गप्प बसला म्हणून हे सगळं रामायण झालं, आणि त्यावर काढलेला उपाय काय, तर आता दोघांनी गप्प बसायचं. मला हात असते तर मी कपाळाला लावले असते.

हाशम म्हणाला, "जाणार आहे. पण ती बरसीम माझ्या नावावर ठेवून नाही."

१७८ सेंमी

अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या, नमाजानंतर अबू सालेह बैठकीत होते. हाशमने मला गालिच्यावर लांब पसरलं आणि शेजारी सुताराची स्टीलची टेप ठेवली. अबू सालेह गुडघ्यांवर वाकले, दोन्ही टेपांवरून बोट नेत गेले. एकशे अकरा. एकशे अकरा. मग स्टीलवर एकशे बारा आणि माझ्यावर एकशे चोवीस. जिची त्यांनी शंभर पाहुण्यांना तारीफ ऐकवली, तिला त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा वाचलं.

"कोणी खाल्लं?"

"मांदेलीने."

"मांदेलीला विकून चार वर्षं झाली."

"हो."

"आणि तू मला आज सांगतोयस."

"त्या आठवड्यात तुम्ही ड्रायव्हरला परत पाठवलं होतं. पंप जळला म्हणून."

अबू सालेह सावकाश उठून बसले. "पंप जळला म्हणून पाठवलं नव्हतं त्याला. जाळून तीन दिवस गप्प बसला म्हणून पाठवलं. तीन दिवस माझी खजुरं पाण्यावाचून होती."

हाशमने मान खाली घातली. फहाद दारात उभा होता, तोही आत आला आणि म्हणाला, "काका, खानावळवाल्याला मी कळवतो." एवढंच म्हणाला, पण माझ्या मते ते पुष्कळ होतं.

अबू सालेहनी वही मागवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी गुरं बाहेर काढायला लावली आणि स्वतःच्या हाताने मोजली, स्टीलची टेप घेऊन. बांगडा, तारली, हलवा, सुरमई. प्रत्येक घेर म्हणजे माझ्यावरच्या आकड्यातून बारा कमी. तो खरा घेर माझ्यावर शोधून उलट्या बाजूचे किलो पाहिले, तर ते हाशमच्या वहीशी जुळले. मग ते मागची पानं उलटत गेले. सहा वर्षं, दर महिन्याला, थोडं थोडं वाढलेलं. उन्हाळ्यात कमी, हिवाळ्यात जास्त. बरसीम जिथे जायला हवी तिथेच गेली होती. तेवढ्या वेळात ते एक अक्षर बोलले नाहीत. हाशमही नाही. पण ह्या वेळी गप्प राहण्याचं कारण वेगळं होतं, म्हणून मी चिडले नाही.

दुपारी सही झाली.

१९० सेंमी

सहीच्या कागदाबरोबर अबू सालेहनी जुबैलच्या नव्या कफीलसाठी एक चिठ्ठीही दिली. हाशमला लिहिलेलं अरबी वाचता येत नव्हतं. शारीकची गाडी गेटाशी उभी असताना त्याने ती फहादकडून वाचून घेतली.

फहाद वाचू लागला. "हा माणूस चोर नाही. गुरं चांगली राखतो. ह्याच्या वहीवर विश्वास ठेवा." तो अडखळला. "शेवटी अजून एक ओळ आहे."

"वाच."

"काही तुटलंय का, ते ह्याला दर गुरुवारी विचारत जा. आपणहून सांगत नाही."

फहादने वर पाहिलं. "हाशम, एवढी ओळ फाडून टाकू का? खालीच आहे. कळणार नाही."

हाशमने चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली, घडी केली आणि इकाम्याच्या मागे खिशात ठेवली. "नको," म्हणाला. "फाटलेलं लपवून झालंय एकदा."

२२० सेंमी, म्हणजे माझं दुसरं टोक

मी अजून इथेच आहे. नवी टेप आणायचं अजूनही कुणाला सुचलेलं नाही. पण हाशम गेला त्याच संध्याकाळी फहादने काळ्या मार्करने माझ्या सांध्यापाशी अरबी आकड्यांत मोठ्ठं लिहिलं: वजा १२. अक्षर वाकडं आहे आणि दुरूनही दिसतं. अबू सालेह आता पाहुण्यांना मला दाखवत नाहीत. फहाद दाखवतो. सुरुवातच त्या आकड्यापासून करतो.

मित्रांनो, वस्तू तुटतात. वासरं काहीही खातात. मला सांधलं ह्याचा मला राग नाही. उलट, फेकून न देता सांधणारे हात मला आवडतात आणि त्या हातांची मला आठवण येते. तुम्हीही घरातलं काही सांधलं असेल. कपाची कडी असेल, शिडीची पायरी असेल, सायकलचा ब्रेक असेल. पुढच्या माणसाच्या हाती ते देताना कुठे सांधलंय तेवढं सांगा. त्याच्या तोंडावर सांगा, त्याच दिवशी सांगा. लाज वाटली तर मार्करने लिहा.

आणि माझ्या टोकावरची सूचना कृपा करून एकदा कुणीतरी वाचा.